शब्द हरवले, हाक उरली

दरवर्षी १५ सप्टेंबरच्या रात्री अकराच्या सुमाराला मेक्सिकोच्या राजधानीत एक सोहळा होतो. शहराच्या मध्यभागी ‘सोकालो’ नावाचा विस्तीर्ण चौक आहे. एका बाजूला जुनं कॅथेड्रल, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय प्रासाद. चौकात मुंगीला शिरायला जागा नसते. ठरल्या वेळी राष्ट्राध्यक्ष प्रासादाच्या सज्जात येतात. हातात झेंडा असतो. भाषण नाही, आश्वासनं नाहीत. स्वातंत्र्यवीरांची नावं एकामागून एक पुकारली जातात आणि प्रत्येक नावावर चौकातून लाखो कंठांतून ‘विवा’ उमटतो. विवा म्हणजे चिरायू होवो. शेवटी ‘मेक्सिको चिरायू होवो’ असं तीनदा म्हटलं जातं, घंटा वाजते आणि आभाळ दारूकामानं उजळून निघतं.

त्याच रात्री त्या देशातल्या गावोगावच्या नगरपालिकांच्या सज्ज्यांतून आणि परदेशातल्या मेक्सिकन वकिलातींमधूनही हीच आरोळी उठते. या विधीला ‘एल ग्रितो’ म्हणतात. ग्रितो म्हणजे आरोळी, हाक. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १६ सप्टेंबरला, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन असतो. लष्करी संचलन होतं, देशभर सुट्टी असते. मेक्सिकोबाहेर पुष्कळांना वाटतं की ५ मे हा त्या देशाचा स्वातंत्र्यदिन. तसं नाही. ५ मे १८६२ रोजी पुएब्ला शहरापाशी मेक्सिकन सैन्यानं फ्रेंचांचा पराभव केला, त्याची ती आठवण. स्वातंत्र्याचा सण सप्टेंबरातला.

मी कविता लिहिणारा माणूस. इतिहासाकडे माझं लक्ष जातं ते शब्दांच्या वाटेनं. म्हणून या सणातल्या एका गोष्टीनं मला धरून ठेवलं. ज्या आरोळीची आठवण म्हणून सगळा देश दरवर्षी आरोळी देतो, त्या मूळ आरोळीचे शब्द कुणालाच ठाऊक नाहीत. ते कुणी त्या वेळी लिहून ठेवलेच नाहीत.

मग झालं काय होतं?

१५२१ साली अ‍ॅझ्टेकांची राजधानी पडली आणि स्पेनची राजवट सुरू झाली. ती तीनशे वर्षं टिकली. या प्रदेशाला तेव्हा ‘नवा स्पेन’ म्हणत. समाजाची उतरंड पक्की होती. सर्वांत वर स्पेनमध्ये जन्मलेले गोरे, त्यांना लोक चिडून ‘गाचुपिन’ म्हणत. त्यांच्या खाली इथेच जन्मलेले गोरे, म्हणजे ‘क्रिओयो’. रक्त तेच, पण जन्म समुद्राच्या अलीकडचा, म्हणून मोठी पदं सहसा त्यांच्या वाट्याला येत नसत. त्याखाली मिश्र वंशाचे ‘मेस्तिसो’, मग मूळ रहिवासी आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम. जमीन थोड्यांची, घाम बहुतेकांचा.

१८०४ साली स्पेनच्या राजानं युद्धखर्चासाठी एक फर्मान काढलं. चर्चच्या संस्थांनी शेतकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना दिलेली कर्जं वसूल करून तो पैसा स्पेनला पाठवावा, असा त्याचा आशय. चर्च ही त्या काळची तिथली सावकारी पेढीच होती. अनेक घरं कर्जफेडीपायी खचली. १८०८ मध्ये नेपोलियननं स्पेनच्या राजाला, सातव्या फेर्नांदोला, गादीवरून उतरवून तिथे आपला भाऊ बसवला. आता ‘राजा कोण’ हा प्रश्न समुद्रापलीकडेही उभा राहिला. त्यातच पाऊस दडी मारून बसला आणि मक्याचे भाव कडाडले. मका म्हणजे तिथल्या गरिबाची भाकरी. राजा नाही, कर्जाचा तगादा आहे आणि चुलीवर तवा रिकामा आहे. बंडाला आणखी काय लागतं?

आता दोलोरेस या गावाकडे जाऊ. तिथे मिगेल इदाल्गो नावाचे पाद्री होते. स्पॅनिशमध्ये ‘ह’ लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून इदाल्गो. जन्म १७५३ चा, क्रिओयो घरातला. शिक्षण मोठं, एका नामांकित विद्यालयाचे ते प्रमुख होते. फ्रेंच पुस्तकं वाचायचे, मूळ रहिवाशांच्या भाषा बोलायचे, घरी नाटकं आणि गाण्याच्या मैफली भरवायचे. धर्मन्यायालयाची त्यांच्यावर नजर होती. १८०३ साली ते दोलोरेसला आले आणि तिथे त्यांनी मातीच्या भांड्यांचे, कातडी कमावण्याचे कारखाने काढले, रेशमासाठी तुती लावली, मधमाश्या पाळल्या, द्राक्षमळे केले. गावातल्या गरिबाच्या हाताला काम मिळावं हा हेतू. १८०४ च्या त्या फर्मानाची झळ त्यांच्या स्वतःच्या कुटुंबालाही लागली होती.

जवळच्या केरेतारो शहरात साहित्यचर्चेच्या नावाखाली काही मंडळी जमत. त्यात लष्करी अधिकारी इग्नासिओ आयेन्दे आणि हुआन आल्दामा होते. तिथला दंडाधिकारी मिगेल दोमिंगेस होता आणि त्याची बायको होसेफा ओर्तिस होती. इदाल्गोही त्यात ओढले गेले. बेत १८१० च्या अखेरीचा होता, पण सप्टेंबरातच फुटला. दंडाधिकाऱ्यावर आपल्याच साथीदारांना पकडण्याची वेळ आली. बायको काही करून बसेल या भीतीनं त्यानं तिला खोलीत कोंडून बाहेरून कुलूप घातलं. होसेफानं जमिनीवर पायाची टाच आपटून खालच्या माणसाला खूण केली आणि निरोप पोचवला. तो माणूस घोड्यावरून दौडला. निरोप आल्दामापर्यंत गेला आणि त्यानं मध्यरात्रीनंतर दोलोरेसला येऊन इदाल्गोंना उठवलं.

पळून जायचं की उभं राहायचं? इदाल्गोंनी उभं राहायचं ठरवलं. १६ सप्टेंबर १८१०, पहाटेची वेळ. वार रविवार, म्हणजे प्रार्थनेचा आणि बाजाराचा दिवस. आसपासच्या वाड्यावस्त्यांतून माणसं गावाकडे येत होती. आधी तुरुंगातले कैदी सोडवले गेले. मग चर्चची घंटा वाजवली गेली. लोक जमले आणि इदाल्गो बोलले.

काय बोलले? नंतर जे आठवून सांगितलं गेलं, त्यात एकवाक्यता नाही. धर्माचा जयजयकार, ग्वादालुपे मातेचा जयजयकार, वाईट राज्यकारभाराचा धिक्कार, गाचुपिनांचा धिक्कार, एवढं बहुतेकांच्या सांगण्यात येतं. काही कथनांत तर चक्क राजा सातव्या फेर्नांदोचाही जयजयकार आहे. ज्या दिवसाला आज देश स्वातंत्र्यदिन म्हणतो, त्या दिवशी स्पेनच्याच राजाचं नाव घेतलं गेलं असण्याची शक्यता आहे. लोक आपल्या ओळखीच्या शब्दांचं बोट धरूनच अनोळखी वाटेला लागतात. फेर्नांदो फ्रेंचांच्या कैदेत होता. त्याच्या नावानं त्याच्याच अधिकाऱ्यांविरुद्ध उठता येत होतं.

गावाच्या नावातही एक खूण आहे. दोलोरेस म्हणजे वेदना. दुःखी मातेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, नावावरून ते नाव पडलं. ‘ग्रितो दे दोलोरेस’ याचा सरळ अर्थ दोलोरेसची हाक, आणि शब्दशः घेतलं तर वेदनांची आरोळी. हा योगायोग कुण्या कवीनं रचलेला नाही.

इदाल्गोंसोबत गावातून काहीशे माणसं निघाली. वाटेत आतोतोनिल्को इथल्या देवळातून त्यांनी ग्वादालुपे मातेचं चित्र घेतलं आणि तेच निशाण झालं. सावळ्या वर्णाची ही माता मूळ रहिवाशांची मायमाऊली. गंमत बघा, ग्वादालुपे हे नाव मुळात स्पेनमधलं आणि त्यातलं ‘ग्वाद’ म्हणजे अरबी ‘वादी’, म्हणजे दरी किंवा नदी. स्पेनमध्ये शतकानुशतकं अरबी बोलली गेली, तिचे शब्द जहाजांतून मेक्सिकोपर्यंत गेले. स्पेनच्या राजवटीविरुद्धच्या पहिल्या निशाणावर असा एक अरबी शब्द गुपचूप बसला होता.

दुसरा अरबी शब्द मात्र रक्तात भिजलेला आहे. २८ सप्टेंबरला हा जमाव ग्वानाह्वातो या चांदीच्या खाणींच्या शहरात पोचला. तोवर त्याची संख्या वीस हजारांवर गेली होती. हातांत कोयते, गोफणी, लाठ्या. शहरातले स्पॅनिश लोक आपली बायकामुलं आणि संपत्ती घेऊन ‘आलोंदिगा’मध्ये, म्हणजे सरकारी धान्यकोठारात शिरले. हा शब्द अरबी ‘अल-फुंदुक’वरून आला. त्याचा अर्थ सराई, मुक्कामाची जागा. त्या दिवशी तिथे कुणाला आसरा मिळाला नाही. एका खाणकामगारानं पाठीवर दगडी फरशी बांधून गोळ्यांच्या वर्षावातून दाराशी जाऊन आग लावली, अशी कथा आहे. त्याचा मोठा पुतळा आज शहरावर उभा आहे. दार जळालं, जमाव आत घुसला आणि शेकडो माणसं मारली गेली. त्यानंतर शहरात लूट सुरू झाली. आयेन्देसारख्या शिस्तीच्या सैनिकाला हे पाहवलं नाही. इदाल्गोंना ते थांबवता आलं नाही. पुढे ग्वादालाहारा शहरात त्यांच्याच राजवटीत स्पॅनिश कैद्यांना रात्री बाहेर नेऊन मारलं गेलं. आणि त्याच ग्वादालाहारात, १८१० च्या डिसेंबरात, त्यांनी गुलामगिरी रद्द करण्याचा हुकूम काढला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच काळातल्या. एक सांगून दुसरी झाकली, तर तो इतिहास राहत नाही, आरती होते.

ऑक्टोबर अखेरीस राजधानीच्या वेशीजवळची लढाई जिंकूनही इदाल्गो मागे वळले. का वळले, यावर आजही वाद आहे. १७ जानेवारी १८११ ला काल्देरोनच्या पुलापाशी त्यांचा मोठा पराभव झाला. मार्चमध्ये फितुरीनं ते पकडले गेले आणि ३० जुलै १८११ ला चिवावा इथे त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. इदाल्गो, आयेन्दे, आल्दामा आणि हिमेनेस या चौघांची मस्तकं लोखंडी पिंजऱ्यांत घालून ग्वानाह्वातोच्या त्याच कोठाराच्या चार कोपऱ्यांवर टांगली गेली. दहा वर्षं ती तिथे होती.

पण सण त्याआधीच सुरू झाला होता. १६ सप्टेंबर १८१२ ला इदाल्गोंचे सहकारी इग्नासिओ लोपेस रायोन यांनी विचापान या गावी या दिवसाचा पहिला वर्धापन साजरा केला. देश स्वतंत्र व्हायला अजून नऊ वर्षं होती. १८१३ मध्ये होसे मारिया मोरेलोस यांनी आपल्या राजकीय जाहीरनाम्यात १६ सप्टेंबर दरवर्षी साजरा व्हावा असं कलमच घातलं. मोरेलोसही पाद्री, आणि अंगात आफ्रिकी रक्त असलेले. १८१५ च्या डिसेंबरात त्यांनाही गोळ्या घातल्या गेल्या.

स्वातंत्र्य प्रत्यक्ष आलं ते २७ सप्टेंबर १८२१ ला, आणि आणलं कुणी? आगुस्तिन दे इतुर्बिदे या अधिकाऱ्यानं. अनेक वर्षं राजाच्या बाजूनं बंडखोरांना चिरडणारा हा माणूस. १८२० मध्ये स्पेनमध्ये उदारमतवादी राज्यघटना परत आली, तेव्हा मेक्सिकोतले जमीनदार आणि धर्माधिकारी घाबरले आणि त्यांना स्वातंत्र्य अचानक आवडू लागलं. इतुर्बिदेनं बंडखोरांचा नेता वीसेन्ते गेरेरो याच्याशी हातमिळवणी केली आणि सैन्य राजधानीत आणलं. पुढे तो स्वतःच सम्राट झाला. ते साम्राज्य वर्षभरही टिकलं नाही आणि १८२४ मध्ये त्यालाही गोळ्या घातल्या गेल्या.

मग सण कोणत्या तारखेचा? सुरुवातीचा की पूर्ततेचा? नव्या संसदेनं १८२२ मध्ये १६ सप्टेंबर राष्ट्रीय सण ठरवला, पण वाद मिटला नाही. लुकास आलामान हा त्या काळचा मोठा इतिहासकार. ग्वानाह्वातोची लूट झाली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, त्याच शहरात होता आणि ते सगळं त्यानं पाहिलं होतं. त्याचं म्हणणं असं, की रक्तपातानं सुरू झालेल्या दिवसाचा उत्सव कसला करता? उत्सव करायचा तर २७ तारखेचा करा. त्याच्या म्हणण्यात सनातनी राजकारण होतं, आणि एका पोराच्या डोळ्यांनी पाहिलेली प्रेतंही होती. आलामान हरला. लोकांना दिवस हवा होता तो ज्या दिवशी आपल्यातली माणसं उठली तो. वरच्यांनी आपसात केलेल्या तहाचा दिवस नको होता. मला वाटतं लोकांची निवड बरोबर होती, पण आलामाननं पाहिलेलं विसरायचं नाही ही अट तिच्यासोबत हवी.

या सणानं पुढे काय काय पाहिलं! १८४७ च्या सप्टेंबरात राजधानीवर अमेरिकन सैन्याचा ताबा होता आणि प्रासादावर परका झेंडा. १८६४ मध्ये तर एकाच रात्री दोन आरोळ्या उठल्या. फ्रेंचांनी गादीवर बसवलेला ऑस्ट्रियाचा राजपुत्र मॅक्सिमिलियन स्वतः दोलोरेसला गेला आणि इदाल्गोंच्या घरून त्यानं स्वातंत्र्यवीरांचं स्मरण केलं. परक्या संगिनींच्या बळावर आलेला सम्राट स्वातंत्र्याचा जयघोष करत होता. त्याच वेळी दूर उत्तरेला दुरांगो प्रांतातल्या एका वस्तीत, राजधानी सोडावी लागलेले राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस मोजक्या साथीदारांसह तोच सण करत होते. हुआरेस हे सापोतेक जमातीतले, मूळ रहिवासी. एकीकडे लवाजमा होता, दुसरीकडे हक्क होता. तीन वर्षांनी, १८६७ मध्ये, मॅक्सिमिलियनलाही गोळ्या घातल्या गेल्या.

पहाटेचा सण आदल्या रात्री का होतो, यावर एक लोकप्रिय उत्तर आहे. हुकूमशहा पोर्फिरिओ दियासचा वाढदिवस १५ सप्टेंबरला, म्हणून त्यानं तारीख मागे ओढली. उत्तर चटकदार आहे, पण खरं नाही. रात्रीचा समारंभ दियास सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. दियासनं एवढंच केलं, की त्या चालत्या प्रथेत स्वतःचा वाढदिवस मिसळून टाकला आणि १८९६ मध्ये दोलोरेसची मूळ घंटा राजधानीत आणून प्रासादावर टांगली. तीच घंटा आज वाजते. दोलोरेसच्या चर्चला नक्कल मिळाली. १९१० मध्ये शताब्दीचा त्यानं प्रचंड थाट केला. सोनेरी देवतेचा स्वातंत्र्यस्तंभ १६ सप्टेंबरलाच उघडला. २० नोव्हेंबरला क्रांतीची हाक दिली गेली आणि पुढच्या मे महिन्यात दियास देश सोडून गेला. आरोळीचा समारंभ करता येतो, पण ती कुणाच्या मालकीची होत नाही.

सामान्य माणसाचा सण रस्त्यावर आणि चुलीवर असतो. सप्टेंबर उजाडला की हिरव्या, पांढऱ्या, लाल झेंड्यांनी भरलेल्या हातगाड्या फिरू लागतात. पोरं लाकडी करकरे वाजवतात, कागदी पताका लागतात. रात्री घरोघरी ‘पोसोले’ शिजतं. टपोरा मका चुन्याच्या पाण्यात उकळून, त्याची सालं काढून, मांसाबरोबर शिजवलेला हा रस्सा. वर मुळ्याच्या चकत्या, कांदा, लिंबू, मिरची. पुएब्लाकडे मोठी मिरची सारण भरून, वर अक्रोडाची पांढरी चटणी आणि डाळिंबाचे दाणे घालून वाढतात. झेंड्याचे तिन्ही रंग ताटात. दोलोरेस गावात आजही रंगीत मातीची भांडी बनतात आणि गावकरी त्या धंद्याचं मूळ इदाल्गोंच्या कारखान्यात सांगतात. एका पाद्रीबाबानं गरिबाच्या हाताला दिलेलं काम अजून गावाला पोसतं आहे.

मक्यावरून आपल्याकडच्या एका माणसाची आठवण होते. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांनी मायदेशाचं दार बंद केलं, तेव्हा १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिवेरानं शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर काढलेल्या एका चित्रात भाकरी मोडून वाटणाऱ्या माणसात खानखोजेंचं रूप दिसतं. आपल्या स्वातंत्र्याची वाट पाहणारा हा वैदर्भीय माणूस कितीतरी सप्टेंबर त्या देशात राहिला.

या सणावर दुःखाचे डागही आहेत. २००८ साली मोरेलिया शहरात आरोळीच्या रात्री गर्दीत हातबाँब फेकले गेले. आठ माणसं गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. २०२० मध्ये साथीमुळे सोकालो रिकामा होता. राष्ट्राध्यक्षांनी रिकाम्या चौकाला हाक दिली. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात स्थलांतरितांच्या धरपकडीच्या भीतीनं ग्रितोचा मोठा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला.

मूळ शब्द हरवले याचं मला आता वाईट वाटत नाही. ते काळ्या दगडावर कोरून ठेवलेले असते, तर दरवर्षी तेच घोकले गेले असते. शब्द नाहीत म्हणून प्रत्येक काळाला आपले घालावे लागतात. १९७० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष एचेवेरिया यांनी तिसऱ्या जगातल्या देशांचा जयजयकार केला. २०२२ मध्ये लोपेस ओब्रादोर यांनी भ्रष्टाचाराचा, वर्गभेदाचा आणि वंशभेदाचा धिक्कार केला. आणि १५ सप्टेंबर २०२५ च्या रात्री त्या सज्जात क्लाउदिया शेनबाउम उभ्या होत्या, त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. त्यांनी होसेफाचं नाव घेतलं, पण नवऱ्याच्या आडनावानं नाही, तिच्या माहेरच्या नावानं. होसेफा ओर्तिस तेयेस-हिरोन. मग लेओना विकारिओ, गेर्त्रुदिस बोकानेग्रा आणि मानुएला मोलिना यांची नावं घेतली, अनाम वीरांगनांचा, मूळ रहिवासी स्त्रियांचा आणि देशाबाहेर राबणाऱ्या स्थलांतरित भावंडांचा जयजयकार केला.

कुलूपबंद खोलीत टाच आपटणाऱ्या त्या बाईचा आवाज त्या रात्री जमिनीखालच्या एका माणसापर्यंत पोचला होता. तिचं स्वतःचं नाव त्या सज्जातून चौकापर्यंत पोचायला मात्र दोनशे पंधरा वर्षं लागली.